सिग्नल लागला की बंद पडणारी मोटारसायकल
जुन्या गाडीचा कार्बोरेटर साफ करताना काय करावे, काय टाळावे

कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग एकेकाळी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. दिल्लीतल्या मराठी माणसांना तो आता वेगळ्या कारणाने जवळचा वाटतो. २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर उभे राहिले. मात्र दुचाकी चालवणाऱ्याला हा रस्ता आठवतो तो त्याच्या सिग्नलमुळे. दिवा लाल झाला की डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि उजव्या हाताने रेस देत राहायचे. जरा रेस सोडली की गाडी गप्प! मग मागून हॉर्नचा कल्लोळ, किकवर किक आणि घामाघूम झालेला स्वार. जुन्या मोटारसायकलचा हा अनुभव दिल्लीतच नव्हे, तर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर आणि नागपूरच्या सीताबर्डीवरही अनेकांनी घेतला आहे.

मेकॅनिकच्या भाषेत अशी गाडी 'स्लोला राहत नाही'. रेस दिली की ती व्यवस्थित पळते, चढही चढते. हात सोडला की मात्र इंजिन बंद पडते. कोणी प्लग बदलतो, कोणी बॅटरी, तर कोणी थेट इंजिन उघडायला सांगतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. कारण बहुतेक वेळा दोष असतो तो केसाएवढ्या एका छिद्रात.

फ्लिटचा पंप आणि संडासाची टाकी

कार्बोरेटर म्हटले की घरातील बाकीची मंडळी कानावर हात ठेवतात. खरे तर त्याचे तत्त्व प्रत्येक घराला माहीत आहे. डास मारण्याचा जुना फ्लिटचा पंप आठवा. दांडा दाबला की वारा जोरात सुटतो, नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि खालच्या डब्यातले औषध वर येऊन तुषार बनून उडते. कार्बोरेटरही हेच करतो. इंजिन हवा ओढते, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि खालच्या वाटीतले पेट्रोल आपल्याबरोबर उडवून नेते. हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी १८९३ साली अशा कार्बोरेटरचे पेटंट घेतले. रस्त्यावर फुले विकणारी मुलगी तोंडाने नळी फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात.

वाटीतल्या पेट्रोलची पातळी एक फ्लोट सांभाळतो. संडासाच्या टाकीतील बॉलकॉकचेच हे छोटे भावंड. पेट्रोल वर आले की फ्लोट तरंगतो आणि एक टोकदार सुई वाट बंद करते. पेट्रोल कमी झाले की वाट पुन्हा उघडते.

वाटीतून पेट्रोल वर जाण्याचे दोन मुख्य मार्ग असतात. गाडी वेगात असताना मेन जेटमधून पेट्रोल जाते. गाडी स्लोला असताना मात्र सारा भार पायलट जेटवर असतो. या जेटचे छिद्र बहुतेक गाड्यांमध्ये अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान असते. कचऱ्याचा एक कण किंवा सुकलेल्या पेट्रोलचा पातळ थर ते बुजवायला पुरेसा होतो. मेन जेटचे छिद्र मोठे असल्यामुळे ते सहसा बुजत नाही. म्हणूनच गाडी पळते, पण थांबत नाही!

उभ्या गाडीला लागलेली कीड

चालती गाडी क्वचितच अशी बिघडते. बिघडते ती उभी गाडी. दिल्लीत नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे बदली झाली किंवा निवृत्ती आली की मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने गावी पाठवतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते. ती केलीही जाते. पण कार्बोरेटरच्या वाटीतले चार चमचे पेट्रोल कोणाच्या लक्षात येत नाही. गावच्या पडवीत गाडी सहा महिने उभी राहते. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि तळाशी राळेसारखा चिकट, पिवळसर थर उरतो. रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो तो वेगळाच. दिवाळीत कोणी पुन्हा पेट्रोल भरून किक मारली की तो गंज थेट कार्बोरेटरमध्ये उतरतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ साली देशभर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळू लागले. ऊस पिकवणाऱ्याला त्याचा फायदा आहे आणि परकीय चलनही वाचते. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा फार वाढला तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळही इथेनॉल सोडवते. २० टक्के मिश्रणाला टिकणारे भाग असलेल्या नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या, विशेषतः पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबरी वॉशर आणि नळ्या या इंधनासाठी बनवलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, कडक होतात, त्यांचे बारीक तुकडे सुटतात. जुनी गाडी वापरणाऱ्याने पेट्रोलची नळी आणि वॉशर वेळोवेळी बदलणे म्हणूनच आवश्यक आहे.

उघडण्यापूर्वी ओळखा

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

गाडी चोक ओढल्यावर सुरू होते, चोक बंद करताच बंद पडते, पण रेसवर नीट चालते का? तसे असेल तर पायलट जेट बुजल्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

स्लोला असताना इंजिनचा वेग आपोआप कमी-जास्त होतो का? मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून बाहेरची हवा आत जात असेल. कार्बोरेटर कितीही साफ केला तरी हा दोष जाणार नाही.

प्लग काळा आणि ओला आहे का? मग पेट्रोल जास्त जात आहे. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, चोक अर्धवट अडकला आहे का, हे आधी पाहा.

कार्बोरेटरखालच्या नळीतून पेट्रोल ठिबकते का? मग फ्लोट किंवा त्याच्या सुईत दोष आहे. अशी गाडी तशीच चालवू नये.

कधी कधी स्लोचा स्क्रू थोडा आवळला तरी काम भागते. सुंठीवाचून खोकला जाणार असेल तर सारे खोलण्याचा खटाटोप कशाला?

आधी स्वयंपाकघर पाहा

हे काम अवघड नाही, पण धोक्याचे नक्कीच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. फ्लॅटच्या बाल्कनीत कार्बोरेटर उघडला आणि आत देवघरात समई तेवत असेल किंवा गॅसवर कुकर चढवलेला असेल, तर त्या ज्योतीपर्यंत वाफ पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून हे काम घरात, बंद बाल्कनीत किंवा जिन्याखाली करू नये. उघड्या जागेवर करावे. जवळ विडी-सिगारेट नको, उदबत्तीही नको. वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोलची आग पाण्याने विझत नाही, उलट पसरते.

काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल बाटलीवरचे लेबल वाचत बसत नाही. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवयही तितकीच घातक आहे. पेट्रोल फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतू शकते. कोणी चुकून पेट्रोल प्यालेच, तर त्याला मुद्दाम उलटी करायला लावू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आणि गाडी सुरू करून पाहताना गॅरेजचे दार बंद ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

साफसफाईची पद्धत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणीच्या तळाशी पाण्याचे थेंब किंवा लालसर गंज दिसला तर रोगाचे मूळ टाकीत आहे, हे समजून घ्या. टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कार्बोरेटर काढल्यावर तो मोठ्या ताटात किंवा ट्रेमध्ये उघडावा. स्प्रिंग उडून कुठे गेली हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर जोडताना गोंधळ होत नाही. जेट पितळेचे असते आणि पितळ मऊ असते. त्याच्या खाचेत बरोबर बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच झिजते आणि जेट आतच अडकून बसते.

कार्बोरेटरच्या बाजूला मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो. तो काढण्यापूर्वी हलकेच आत फिरवत न्या आणि किती फेऱ्यांत तो टेकतो ते कागदावर लिहून ठेवा. मग तो बाहेर काढा. जोडताना तितक्याच फेऱ्या सैल ठेवायचा. तो जोराने आवळला तर त्याचे टोक आणि आतली बैठक दोन्ही कायमची खराब होतात.

आता पायलट जेट उजेडाकडे धरून पाहा. स्वच्छ जेटमधून प्रकाशाचा गोल बिंदू दिसतो. तो दिसत नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, थोडा वेळ भिजू द्या आणि हवेच्या दाबाने फुंका. केवळ जेट साफ करून थांबू नका. कार्बोरेटरच्या अंगात कोरलेल्या बारीक वाटांमध्येही फवारा मारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो की नाही ते तपासा. फवारा उलटून डोळ्यांत येऊ शकतो, म्हणून चष्मा घाला. फ्लोट, रबरी रिंगा आणि वॉशर आधीच काढून बाजूला ठेवा. क्लीनरने रबर फुगते आणि हवेच्या दाबाने फ्लोट दबू शकतो.

येथेच सर्वांत मोठी चूक होते. घरात पितळी स्टोव्ह असताना त्याच्या निपलात पिन घालायची सवय अनेक हातांना होती. तीच युक्ती जेटवर चालवली जाते. टाचणी, तार, सुई जे हाती लागेल ते छिद्रात घातले जाते. छिद्र मोकळे होते खरे, पण ते मोठेही होते. जेटवर कोरलेला आकडा त्या छिद्राचे माप सांगतो. माप बिघडले की पेट्रोल जास्त जाऊ लागते. ॲव्हरेज घटते, प्लग काळा पडतो आणि धूर वाढतो. अगदीच गरज पडली तर ब्रशचा नायलॉनचा एक केस वापरावा, धातू नको. तरीही छिद्र मोकळे झाले नाही तर नवे, त्याच आकड्याचे जेट घ्यावे.

जोडणी झाल्यावर कॉक उघडून दहा मिनिटे थांबा. कुठे ठिबकत नाही याची खात्री झाल्यावरच किक मारा. इंजिन गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे जिथे चालते ती जागा शोधा. मग स्लोचा स्क्रू सैल करून वेग खाली आणा. बहुतेक लहान मोटारसायकलींना मिनिटाला १२०० ते १४०० फेरे पुरतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत फिरवला की मिश्रणात पेट्रोल वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनेकजण नेमके उलट करून बसतात.

दोन कार्बोरेटरची जोडी

भारतात १९८०च्या दशकात मोटारसायकलींचा नवा काळ सुरू झाला. इंड-सुझुकी १९८४ साली आली, तर हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही १९८५ साली. या सर्वांना एकच कार्बोरेटर होता. पण त्याआधी, १९८३ साली, दिल्लीच्या शेजारी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या साहाय्याने राजदूत ३५० बाजारात आणली. दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर! तिचे उत्पादन १९८९पर्यंत चालले. आज ती जपणारे शौकीन पुणे, कोल्हापूर, मुंबईत आहेत.

अशा गाडीचे दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी साफ करावे लागतात. एकच साफ केला तर बैलजोडीत एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा, अशी अवस्था होते. भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन वेगळी ताटे घ्यावीत. जोडल्यावर रेस देताना दोन्ही कार्बोरेटरच्या आतले पिस्टन एकदमच उचलले जातात का, हे पाहावे. एक आधी आणि दुसरा नंतर उचलला जात असेल तर केबलचे ॲडजस्टर फिरवून ते जुळवावे. या गाडीचा ऑइल पंपही रेसच्या केबलशीच जोडलेला असतो. त्याची खूण जुळली नाही तर इंजिनला तेल कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. म्हणून नवख्याने पहिला हात अशा गाडीवर साफ करू नये. जाणत्या मेकॅनिकजवळ उभे राहून काम पाहावे.

गाडी गॅरेजला देताना

स्वतः करणे जमणारे नसेल तर त्यात कमीपणा नाही. पण गाडी देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. जेटमध्ये तार घालू नये, आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत. दिल्लीत करोल बागेची नाईवाला गल्ली आणि पुण्यात नाना पेठ येथे जुन्या दुचाकींचे सुटे भाग मिळतात. तेथे अस्सलबरोबर नक्कलही मिळते. स्वस्त जेटवरचा आकडा आणि छिद्राचे खरे माप यांचा मेळ असेलच असे नाही. सगळा कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला मिळाला तर कारण विचारावे. अंग तडकले असेल किंवा आतला पिस्टन झिजून ढिला झाला असेल तर बदलणे योग्य. केवळ कचऱ्यासाठी जुना अस्सल कार्बोरेटर भंगारात टाकणे नुकसानीचे ठरते.

पीयूसीचा काटा

गाडी स्लोला नीट राहणे ही केवळ सोयीची बाब नाही. पीयूसी केंद्रात मोटारसायकलच्या धुराची तपासणी इंजिन स्लोला ठेवूनच होते. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे आणि त्यानंतरच्या जुन्या गाड्यांसाठी ३.५ टक्के. 'भारत स्टेज ४'च्या गाड्यांना तर ०.५ टक्केच मुभा आहे. ज्या कार्बोरेटरचे स्लो बिघडले, त्याचा काटा येथे हमखास वर जातो. काहीजण स्क्रू आवळून गाडी सतत चढ्या रेसवर ठेवतात. त्याने गाडी बंद पडत नाही, पण पेट्रोल जळते आणि मागे उभ्या असलेल्या रिक्षातल्या बाळाच्या नाकात धूर जातो. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम सुरू झाली, ती याच धुरासाठी. सिग्नलला इंजिन बंद करणारा तोच, ज्याला गाडी पुन्हा एका किकमध्ये सुरू होईल असा भरवसा आहे!

ठेवावी की निरोप द्यावा?

शेवटी प्रश्न उरतो तो कुटुंबाचा. वडिलांनी पहिल्या पगारवाढीत घेतलेली, आईला माहेरी नेणारी, मुलांना टाकीवर बसवून शाळेत पोहोचवणारी गाडी सहजासहजी भंगारवाल्याला देववत नाही. पण दिल्लीत कायदा भावनेपुढे थांबत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली १५ वर्षांवरील वाहनांना दिल्लीत मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पेट्रोलच्या १५ व डिझेलच्या १० वर्षांवरील गाड्यांवरील बंदी उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला तात्पुरती स्थगिती दिली, पण डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण 'भारत स्टेज ४' आणि त्यापुढील वाहनांपुरतेच ठेवले. दुचाकींना 'भारत स्टेज ४' सर्वत्र लागू झाले ते एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा १५ वर्षे उलटलेली कोणतीही मोटारसायकल या संरक्षणाबाहेरच राहते. कार्बोरेटर आरशासारखा चकचकीत असला तरी कस्तुरबा गांधी मार्गावर तिला जागा नाही.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. तेथे १५ वर्षांनंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. दिल्लीची गाडी गावी न्यायची असेल तर परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण रोजच्या वापराची मुभा मिळत नाही. १९८३ची राजदूत त्या मानाला पोहोचेल ती २०३३ साली. हे काहीच शक्य नसेल तर नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढून प्रमाणपत्र घ्यावे. नाहीतर त्या क्रमांकाचा गैरवापर होऊ शकतो.

गाडी ठेवायचे ठरलेच, तर तिला पडवीत सोडून देऊ नये. महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे किंवा वाटीचा स्क्रू उघडून पेट्रोल काढून टाकावे. पार्सलने पाठवतानाही टाकीबरोबर वाटी रिकामी करावी आणि गाडी पोहोचल्यावर टाकीत गंज नाही ना, हे पाहूनच पेट्रोल भरावे. एप्रिल २०२० मध्ये 'भारत स्टेज ६' लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. कार्बोरेटर जाणणारे हात हळूहळू कमी होत जातील. घरात जुनी गाडी असेल आणि मुलगा किंवा मुलगी विचारत असेल, तर रविवारची एक सकाळ काढून त्यांना पायलट जेट उजेडाकडे धरून दाखवावे. पुढच्या वेळी टाचणी घेऊन धावणाऱ्याचा हात तेच धरतील.